तेल बदलणारे बाळारामदादा

बाळारामदादांच्या गॅरेजमध्ये गाडी नेली की 'काय झालं?' असं ते कधी विचारायचे नाहीत. किती किलोमीटर झाले, हेही नाही. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "उभी किती रहाते?" मला वाटलं, पार्किंगबद्दल विचारताहेत. मी आपलं सांगून टाकलं, "सोसायटीत जागा आहे हो, रात्रभर उभी असते." दादांनी कपाळाला हात लावला. "बंद नाय गो बाय," ते म्हणाले, "चालू. इंजिन चालू ठेवून उभी किती रहाते?"

मी साताऱ्याकडची, लग्न होऊन कोपरखैरण्यात आले. नवऱ्याची तुर्भ्याची कंपनी बंद पडली तेव्हा मी हातपाय गाळून बसले नाही. जुनी सीएनजी गाडी घेतली, परमिट काढलं आणि चार ऑफिसवाल्यांना सकाळी ऐरोलीला सोडायचं, संध्याकाळी घरी आणायचं, असं महिन्याचं काम धरलं. आमचं घर त्या एका इंजिनावर चालत होतं, आजही चालतं. आणि तेच इंजिन एक दिवस टकटक करायला लागलं, म्हणून मी दादांच्या दारात उभी होते.

मी तोऱ्यात होते. कारण माझी सर्व्हिसिंग पुस्तकाप्रमाणे झालेली. दहा हजार किलोमीटर म्हणजे दहा हजार, एक इकडे नाही की तिकडे नाही. एका मोठ्या सर्व्हिस सेंटरची बिलं प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून मी घेऊन गेले होते. दादांनी फोल्डरकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बॉनेट उघडून तेल मोजायची पट्टी काढली आणि म्हणाले, "हात दे." मी हात पुढे केला. त्यांनी पट्टी सरळ माझ्या तळव्यावर पुसली! काळंकुट्ट तेल, आणि बोटांत चोळलं तर पार पाण्यासारखं पातळ.

"हापिसवाल्यांची गाडी ना? गेटवर किती थांबतंस?"

"तासभर. कधी दीड. उन्हाळ्यात एसी चालूच ठेवावा लागतो, गाडी गार नसली की लोकं तोंड वाकडं करतात."

"मंग? त्या तासाभरात मीटर हालला?"

"नाही."

"इंजिन फिरला की नाय? मीटर चाकां मोजतंय. इंजिन तास मोजतंय. तुजा तेल पाच हजारालाच मेला, आन तू त्याच्यावर आनखी पाच हजार गाडी ओढलीस."

मी पुस्तकाचं नाव काढलं, तर म्हणाले, "पुस्तक खोटा नाय. पन ज्यानं लिव्हला तो तुज्यासारका गेटवर थांबला नाय." खरं सांगायचं तर पुस्तकात मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, गाडी जास्त राबत असेल तर तेल निम्म्यातच बदला म्हणून. मी ते पान कधी उलटलंच नव्हतं. मग त्यांनी माझी बिलं पाहिली. कानावरची पेन्सिल काढून एकेका ओळीवर टोक टेकवत गेले, "यो पायजे. यो पायजे. यो कोटिंग कशाला? यो एसीचा अत्तर कशाला? याच्यात तुजा दोनदा तेल बदलून जाला असता, फिल्टर धरून." मला स्वतःचा इतका राग आला की विचारू नका. दादांनी मात्र तेल बदललं, टकटक थांबेपर्यंत शेजारी उभे राहिले आणि पाच हजार किलोमीटर पुढचा आकडा चिकटपट्टीवर लिहून काचेला लावून दिला.

दादा मूळ गावठाणातले, आगरी. शेती शहरात गेली, तिच्या जागी तीन मजल्यांची बिल्डिंग आली. वर भाडेकरू, खाली गॅरेज. हात काळे करायची त्यांना काही गरज नव्हती. मी एकदा तोंडावर विचारलंही. ते म्हणाले, "भाडा येतंय तो बापाच्या जमिनीचा. यो माजा हाय." आणि पुन्हा गाडीखाली शिरले.

गिऱ्हाईक परत पाठवण्यात हा माणूस पटाईत. ऐरोलीचा एक आयटीवाला दर तीन महिन्यांनी महागातलं तेल घेऊन हजर व्हायचा. दादांनी पट्टी काढून त्याच्या नाकासमोर धरली. "मधासारका हाय अजून. तेल काय गंगाजल हाय, येता-जाता शिंपडायला? जा घरी." उलट वाशीचे एक निवृत्त काका, गाडी फक्त देवळापर्यंत नेणारे, मीटर कसं हललेलंच नाही हे कौतुकाने सांगायला आले, तर त्यांना दम. "काका, वर्ष जाला ना? मंग बदला. बसून पन तेल खराब होतंय." काका रुसले आणि तेल बदलून गेले.

मला त्यांनी एकच गोष्ट पाठ करायला लावली होती. समोर लाल किटलीचं चित्र पेटलं, की तेलाचा दाब गेला. "कडेला घे, चावी बंद. पुढच्या सिग्नलला नाय, घरी जाऊन नाय. तितंच. इंजिन दोन मिन्टांत जाम होतंय." मी शाळकरी पोरीसारखं म्हणून दाखवलं, तेव्हा कुठे सोडलं.

मागच्या हिवाळ्यात त्यांच्या पुतणीची हळद होती. त्याच दिवशी सकाळी माझ्या गाडीचं तेल त्यांनी बदललं. मांडववाले हाका मारत होते, फोन वाजत होता. संध्याकाळी चौघांना घेऊन मी ऐरोलीहून निघाले आणि रबाळ्याच्या अलीकडे ती लाल किटली पेटली. गाडी कडेला, चावी बंद.

"ताई, दहा मिनिटांवर तर घर आहे. ओढा ना हळूहळू," मागचे साहेब म्हणाले.

"नाही."

"अहो, पण आम्ही पैसे भरतो महिन्याचे!"

"भरता ना? मग पुढच्या महिन्यातही गाडी लागेल तुम्हाला. उतरा, रिक्षा करून देते."

गेले बडबडत. मी खाली वाकून पाहिलं तर इंजिनाच्या तळाशी, तेलाच्या चेंबरखाली थारोळं. दादांना फोन केला.

ते स्कूटरवर आले ते पांढऱ्याशुभ्र झब्ब्यात, पायजम्यात. मी म्हणते आहे, "दादा, कपडे!" तोवर रस्त्यावर आडवे होऊन गाडीखाली गेलेसुद्धा. तेल काढायला सकाळी उघडलेला चेंबरचा नट दोन आट्यांवर लोंबकळत होता. बाहेर आले, पाठ सगळी काळी. माझ्याकडे सरळ बघून म्हणाले, "माजी चूक हाय. मी घट केला नव्हता." नट बसवला, मला म्हणाले, "तू पन आवल." मी आवळला. आणलेलं तेल ओतलं, चावी फिरवायला लावली, बॉनेटवर कान धरला. माझा हात चावीवरच. घर, शाळेची फी, सगळं त्या एका आवाजावर. "जिता हाय," ते म्हणाले. कोपरखैरण्यापर्यंत ते माझ्यामागे स्कूटर चालवत आले आणि मग हळदीला गेले.

हळदीच्या गडबडीत झालं असेल, असं सगळेच म्हणाले. मीही म्हणाले. माणूस आहे, होतं. पण दादांना ते पटेना. रविवारी त्यांनी मला बोलावून घेतलं. गॅरेजमध्ये दुसरं कोणी नव्हतं. स्वतः गाडीखाली गेले, निवांतपणे नट आवळला आणि पाना माझ्या हातात दिला. "फिरव." मी जरासा जोर लावला, नट चांगला अर्धा वेढा फिरला.

"हालदीचा कारन नव्हता," दादा म्हणाले. "शुगर हाय ना, बोटांना कलत नाय. मना वाटतं नट घट लागला, आन लागलेला नसतंय. आजपासना गॅरेज बंद."

मी भांडले. चक्क भांडले! म्हटलं, एखादा माणूस ठेवा, तो तपासेल तुमच्यामागे. तर म्हणाले, "मी लागला बोलायचा आन दुसऱ्यानं बघायचा? मंग माजा काय रायला त्याच्यात?" माझ्या तोंडातून निघालं ते भलतंच, "मग माझ्या गाडीचं काय?" बोलून गेले आणि जीभ चावली. पण दादा हसले. गोणपाट पसरून म्हणाले, "खाली शिर."

शिरले. त्यांनी तेल काढायला शिकवलं, फिल्टर हाताने बसवायला शिकवलं. "ताकद नको लावूस, आटे जातील. रबराचा वायसर दबतो तितं हात थांबव." पहिल्यांदा मी निम्मं तेल केसांत घेऊन घरी गेले, नवरा बघतच राहिला. पुढच्या पाच हजाराला दादांनी गोणपाट दुसऱ्यांदा पसरलं तेव्हा त्यांचं गॅरेज रिकामं झालं होतं, दुसऱ्या दिवसापासून तिथे केकचं दुकान येणार होतं. सगळं काम मी एकटीने केलं. नट आवळताना हाताला ती जागा नेमकी कळली.

"लागला?" दादांनी विचारलं.

"लागला."

मला वाटलं, आता वाकून बघतील. पाना मागतील. ते वाकले नाहीत. हात पुसत गाडीचं पुढचं दार उघडून बसले आणि म्हणाले, "चल, ऐरोलीपरत जाऊन येव." मी गाडी काढली. दादांनी सीट मागे केली. लोकांच्या गाडीत बसल्यावर यांचे कान सतत बॉनेटकडे, टायरकडे असायचे, त्यांची बायको नेहमी वैतागून सांगायची. मी आपली समोर बघून चालवत होते, पण आज ते कुठला दोष काढतात, याचीच वाट बघत होते. घणसोली यायच्या आत माझ्या शेजारी दादा चक्क घोरायला लागले.