पोटात घातलेलं वजन

मंगलआक्काला कुणी काही खायला दिलं आणि ती नको म्हणाली, असं मी त्या दिवसापर्यंत कधी पाहिलं नव्हतं. लग्नाच्या पंगतीत वाढपी थकायचे, आक्का थकायची नाही. आमच्या रस्सीखेच संघाला याचा फायदाच होता. दोराच्या शेवटच्या जागेला अंग लागतं. दोराचं टोक आक्काच्या खांद्यावरून आणि पाठीवरून घेतलेलं असतं, आणि पुढच्या आम्ही सातजणी घसरलो तरी ती टाच रोवून उभी राहते. मी बरोबर तिच्या पुढं असते. मागं आक्का आहे म्हटलं की मला कुणाच्या बापाची भीती वाटत नाही.

आक्का माण तालुक्यातल्या धनगराघरची. लहानपणी मेंढरांमागं कोकणात उतरून परत वर चढलेली. आता चार एकर ज्वारी आणि थोडी मेंढरं आहेत. आम्ही बाकीच्या बहुतेक उसाच्या पट्ट्यातल्या, घरात कुणी ना कुणी पलटणीत असलेल्या. आम्हाला शिकवणारे बाळासो सर स्वतः पलटणीत रस्सीखेच खेळलेले. त्यांनी औंधला यमाईच्या पायऱ्या चढवून चढवून आमच्या पोटऱ्यांचे दगड केले आणि आम्ही जगभरातल्या क्लबांच्या स्पर्धेला स्वित्झर्लंडला निघालो. आमच्यातली एकही विमानात बसलेली नव्हती.

निघायच्या दिवशी औंधातल्या बायकांनी आमच्या ओट्या भरल्या. वाटेतल्या गावांनीही गाडी अडवून भरल्या. नारळ, तांदूळ, खण, वर डबेच्या डबे: बेसनाचे लाडू, शेंगापोळ्या, धपाटी. मुंबईच्या विमानतळावर बॅगा काट्यावर ठेवल्या तर सगळ्याच जास्त भरल्या. सर म्हणाले, "जादाचं काढा आन् पप्पूकडं द्या." पप्पू म्हणजे आमचा गाडीवाला. तांदूळ आणि खण त्याच्याकडं गेले. खायच्या वस्तूंवर मात्र आक्का अडून बसली.

"ओटीचं टाकून जायाचं नसतंय, सर. पोटात घालू. पोटातलं कुठं वजन करत्यात?"

झालं. विमानतळाबाहेरच्या कठड्यावर नारळ फुटले. गूळ-खोबरं, लाडू, पोळ्या, सगळं आम्ही मिळून संपवलं. सरांनीही दोन लाडू हाणले, हे ते आता कबूल करत नाहीत. मग सरांची नजर आक्काच्या घोंगडीवर गेली. भर उन्हाळ्यात ही कशाला, द्या पप्पूकडं, म्हणाले. आक्कानं घोंगडी बॅगेतून काढली आणि अंगावर घेतली. विमानातही तशीच बसली, आणि हवाईसुंदरीनं जे जे पुढं केलं ते ते तिनं मान देऊन खाल्लं. दोहाला विमान बदललं, तिथंही तेच.

सकाळी आम्ही त्या स्विस गावात पोचलो तेव्हा पाय सुजलेले आणि डोळे तारवटलेले होते. गाव बघून मात्र थकवा विसरलो. एवढं हिरवं रान आणि त्यात एक कागद पडलेला नाही. मैदानाभोवती देशोदेशीचे झेंडे होते. आपलाही होता, आणि तो आमच्यामुळं तिथं होता. माझा ऊर भरून आला, सांगायला लाज कसली.

सरांनी सामान टाकायच्या आधी आम्हाला काट्यावर नेलं. रस्सीखेचीत एकेकीचं नाही, आठजणींचं मिळून वजन धरतात. ते ठरल्याच्या वर गेलं तर संघाला उतरू देत नाहीत. खरं वजन संध्याकाळी व्हायचं होतं, सरांना आधी अंदाज घ्यायचा होता. बेरीज झाली आणि सरांचा चेहरा उतरला. आम्ही दीड किलोनं जास्त होतो. पोटातल्याचं वजन करत होते तर.

सर कुणाकडं न बघता म्हणाले, "सोनिया आत यील. मंगल, तू बाहेर." सोनिया आमची राखीव खेळाडू, आटपाडीकडची, अंगानं काडी.

आक्काचं वय चाळिशीला टेकलेलं आहे. तिचे गुडघे पुढच्या स्पर्धेपर्यंत टिकतील असं तिलाही वाटत नव्हतं. ती म्हणाली, "सर, मला दोर धरायचाय. एवढ्या लांब बघत बसाय न्हाई आले."

"मग सगळ्याच पळून वजन उतरवू," मी म्हणाले.

"सगळ्या पळाल्यावर उद्या वडाय दम कुठनं आनशीला?" सर खेकसले.

"खायाला मी लावलं," आक्का म्हणाली. "उतरवती बी मीच."

सरांनी संध्याकाळपर्यंत वेळ दिला. पाणी नाही, खाणं नाही. घाम निघायला अंगावर जाड काही हवं, आणि आमच्या बॅगांत उन्हाळ्याचे पातळ कपडे. जाड एकच वस्तू होती. सरांनी स्वतः ती घोंगडी आक्काच्या अंगाभोवती गुंडाळून वर सुतळी बांधली.

आक्का निघाली तशी सोनियाही बूट बांधून उठली.

"तुजं काय काम हाय?" आक्कानं विचारलं.

"एकली वाट चुकशील की."

आक्काचं वजन उतरलं नाही तर जागा सोनियाला मिळणार होती. तिच्या जागी मी असते तर पांघरूण ओढून झोपले असते, आणि मला कुणी नावंही ठेवली नसती. ही पोरगी उन्हात आक्काच्या बरोबरीनं पळत होती. आम्ही कुरणाच्या कुंपणाशी बसून बघत होतो. कुरणातली मेंढरं दिसल्यावर आक्का थांबलीच. "लोकर भरलीया गं, कातराय झाली," म्हणाली. सोनियानं तिच्या पाठीत हात घालून तिला पुढं ढकललं. "मेंढरं परवा बघ. चल."

चौथ्या फेरीला आक्काची पावलं वाकडी पडायला लागली. सायकलवरचा एक म्हातारा उतरला आणि त्यानं थंड पाण्याची बाटली पुढं केली. आक्कानं बाटलीकडं बघितलं, त्याला हात जोडले आणि मान हलवली. मंगलआक्का नको म्हणाली. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

संध्याकाळी आम्ही एकेक काट्यावर चढलो. आक्का शेवटी. पंचबाईंनी बेरीज केली, पुन्हा तपासली आणि अंगठा वर केला. सर भिंतीकडं तोंड करून चष्मा पुसत राहिले. सोनियानं पाण्याची बाटली आक्काच्या तोंडाला लावली. आक्का अर्धं पाणी प्यायली आणि अर्धं तिनं सोनियाच्या डोक्यावर ओतलं.

नंतर संचलन होतं. प्रत्येक क्लबानं आपल्या झेंड्यामागं मैदानाला फेरी घालायची. राखीव खेळाडू सगळ्यात मागं चालतात, आणि झेंडा आमच्यात आक्का धरणार हे आधीच ठरलेलं. तिनं झेंडा सोनियाच्या हातात दिला. मग घामानं भिजलेली घोंगडी झटकली, घडी केली आणि तिच्या खांद्यावर टाकली.

सर म्हणाले, "अगं, घोंगडीसकट?"

"घोंगडीसकट."

बाकीचे संघ इस्त्रीच्या कोटांत होते. आमच्या पुढं झेंडा, त्याखाली काळी घोंगडी आणि तिच्याखाली ती काडी. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

"आक्का, लय जड हाय गं ही," सोनिया मागं न वळता म्हणाली.

"आसू दे, सवय हुईल," आक्का म्हणाली. "आन् खात जा जरा. माज्या मागनं शेवटची जागा तुजी हाय."