डाव्या पायाचा ब्रेक

मधुमेहानं अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. जखम भरली, नकली पाय बसला आणि त्यांनी पहिली चौकशी केली ती त्यांच्या बुलेटची. "जित्याची खोड मेल्याबिगर जात न्हाय," आई म्हणाली. मला मात्र बरं वाटलं. दवाखान्यातून आल्यापासून त्यांनी काही मागितलंच नव्हतं.

त्या जुन्या गाडीचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. गिअरचा पाय गेला होता, ब्रेकचा शाबूत होता. म्हणजे गिअर डावीकडं आणायचा आणि ब्रेक सगळे हातात द्यायचे. मी आमच्या माकणीहून नळदुर्गच्या मिस्त्रीकडं गेले.

"ताई, घरातल्या गडीमाणसाला पाठवा, समजावून सांगतो."

"त्याच्यासाठीच चाललंय हे," मी म्हणाले. मग तो पार्ट दाखवू लागला.

पुढं डिस्क ब्रेक घेतला. पुढचं चाक धरणाऱ्या जुन्या फोर्कवर तो बसेना, म्हणून सोलापूरच्या भंगारातून दुसरा फोर्क आणला. मागचा ड्रम ब्रेक तसाच ठेवून त्याची वायर हँडलवर क्लचखालच्या छोट्या लिव्हरला जोडायची ठरली. लिव्हर मी घरी आणून अण्णांच्या हातात देई. ते डोळे मिटून दाबून बघत. "लई जाड हाय, बदल." मी बदलून आणी. किकचं काय, असं मी विचारलं, तर म्हणाले, "किक मारायला गावात कुणीबी मिळंल. थांबवायचं मात्र आपलं आपल्यालाच लागतंय."

गाडी तयार झाली. धरणाच्या रस्त्याला मी किक मारून दिली आणि पुढं जाऊन उभी राहिले. माझ्यापाशी येऊन थांबायचं, एवढंच ठरलं होतं.

अण्णा ताठ बसून आले. जवळ आल्यावर त्यांनी डावा पाय जोरात दाबला. आयुष्यभर तिथंच ब्रेक होता. आता तिथं गिअर होता. गाडीनं हिसका दिला आणि सरळ माझ्यावर आली. मी बाजूला उडी मारली. हातातला ब्रेक त्यांना आठवला तेव्हा गाडी बाभळीत शिरली होती.

"लागलं का तुला?"

"न्हाय. तुम्हाला?"

ते खरचटलेल्या हातांकडं बघत राहिले. "पायाला सांगितलं हुतं म्या. ऐकलं न्हाय त्यानं." मला त्यांचा राग आला, मग त्या पायाचा आला, आणि मग रडूच आलं.

घरी आल्यावर ते म्हणाले, "ब्रेक परत डाव्या पायाला लावून आण."

"मग गिअर परत उजवीकडं जाईल. चालवणार कशी?"

"चालवायची कुठं हाय."

मी लावून आणला. संध्याकाळी अण्णा कुबडी भिंतीला टेकवून पडवीतल्या गाडीवर बसतात आणि डाव्या पायानं ब्रेक दाबतात. तो दर वेळी बरोबर लागतो.