पाहुण्यांसाठी सारवलेली माती

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नाशकात शेतकीच्या शेवटच्या वर्षाला होते. पालापाचोळा, मुळं, शेण कुजून मातीत मुरतं, त्याचा जो अंश उरतो तो सेंद्रिय कर्ब. चांदवडकडच्या एका कांद्याच्या रानातला कर्ब मोजायचा, एवढाच माझा प्रकल्प. तो फसला तर वर्ष वाया.

पहिल्याच नमुन्यात कर्ब असा काही निघाला की मी चक्क बाकावर चढले. मुरमाड रानात एवढा कर्ब! मैत्रिणींना पेढे वाटले, एसटीडी बूथवरून आईला फोन केला, "आई, शोध लागला!"

"मुलगा कुठला?" आई म्हणाली.

सरांनी चष्मा कपाळावर ढकलला. "परत जा, परत माती आण."

गेले. ज्यांचं रान, त्या मावशी बादलीभर शेणकाला घेऊन मी माती घेतलेल्या नेमक्या जागेवर ओतत होत्या.

"मावशी, हे काय?"

"पाव्हनी येनार म्हनल्यावर सडा नको व्हय? मागच्या बारीलाबी घातला व्हता. जरा खनूनबी ठेवलं, तुला उकराया सोपं."

माझा शोध म्हणजे मावशींचा सडा! बांधावर बसून पोट धरधरून हसले. मावशीही हसल्या, कशाला ते न कळता. मग प्रकल्प आठवला. "मावशी, बिनसड्याची माती द्या हो, नाहीतर मी नापास!"

"पाव्हनीला उघडंबोडकं रान दाखवू? लोकं काय म्हनतील?" मावशींचं तोंड एवढंसं झालं.

पुढच्या खेपेला रानात सडा नव्हता, दारातही नव्हता. मावशी उठल्यासुद्धा नाहीत. रागावल्या वाटतं, मी धसकले.

"चुलीवर चहा हाय, घे वतून," त्या कांदे निवडता निवडता म्हणाल्या. "घरच्या मानसाला कसला आलाय सडा?"

सड्याच्या जागेपासून लांबची कोरडीठाक माती मी छातीशी धरून आणली. प्रयोगशाळेत काचनळीतून शेवटचा थेंब पडला, निळंजांभळं पाणी हिरवंगार झालं. हिशेब मांडला, खरा आकडा मिळाला: कर्ब अगदीच कमी.

"जमीन उपाशी आहे आणि तू नाचतेस काय?" सर म्हणाले.

नाचत नाचतच बूथ गाठला.

"आता काय सापडलं?" आईने विचारलं.

"चांदवडला घर मिळालं, आई!"

 पलीकडे आई बाबांना ओरडून सांगताना ऐकू आली, "अहो, जमलं!"