अक्कांची पाच कार्डं

ती घटना आठवली की आजही माझ्याच अडाणीपणाचं हसू येतं. धारवाडात तेव्हा सायबर कॅफे नवे नवे निघाले होते. कॉम्प्युटरमधून छापून आलेला कागद म्हणजे ब्रह्मवाक्य, असं लोक मानत. त्या लोकांत मीही होतो.

मी तिथं पोलीस फौजदार होतो. एका शनिवारी सकाळची हजेरी आटोपत होतो, तोच गावातल्याच मळमड्डी भागातल्या एक निवृत्त ग्रंथपाल ठाण्यात आल्या. सगळे त्यांना अक्का म्हणत. त्यांच्यासोबत हुबळीच्या बाजारातले एक कापड दुकानदार होते. त्यांच्या बारा वर्षांच्या मुलीला मधुमेह होता, रोज इन्सुलिन लागायचं. एका चूर्णानं मधुमेह कायमचा बरा होतो, अशी नेटवर पाच डॉक्टरांनी ग्वाही दिली होती. ते इंग्रजी कागद त्यांनी कॅफेत अक्कांकडून वाचून घेतले आणि सोमवारपासून इन्सुलिन बंद करायचं ठरवलं.

"साहेब, यांना समजावा. पोरगी जिवानिशी जाईल," अक्का म्हणाल्या.

"पाच डॉक्टर खोटं लिहितील होय, अक्का?" दुकानदार म्हणाले.

खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं. शिवाय फिर्याद घ्यायची ती कुणाविरुद्ध? मी त्यांना वाटेला लावणार, एवढ्यात अक्कांनी टेबलावर पाच कार्डं मांडली. जुनी सवय, कागद हाती आला की कोणी लिहिलं, कुठून लिहिलं, याचं कार्ड करायचं.

"नोडरी, बघा साहेब, नुसते पत्ते वाचा."

नावं पाच, फोन पाच. पत्ता मात्र एकच, हुबळीच्या वाटेवरच्या रायापूरचा.

"एका दवाखान्यात पाच डॉक्टर असतील की हो!" दुकानदार हटेनात.

मग मी दोन शिपाई घेऊन रायापूरला गेलो. एक खोली, एक कॉम्प्युटर, चूर्णाचे डबे आणि एक इसम. त्याला ठाण्यात आणून बसवलं. पाणी दिलं आणि गप्प बसलो. खोटं बोलणाऱ्याला शांतता सोसत नाही, हा माझा अनुभव.

"डॉक्टर कुठायत?" शेवटी विचारलं.

"बाहेरगावी." जरा वेळानं त्याची मान खाली गेली. "पाचही मीच, साहेब."

दुकानदार बाकावर बसून ढसाढसा रडले. "माझ्या हातानं मी पोरीला..."

"रडताय कशाला, अण्णा? आज शनिवारच हाय की, सोमवार कुठं आलाय अजून?" अक्का म्हणाल्या.

त्या इसमाचा जबाब घेऊन गुन्हा नोंदवला. ठाण्यात येणाऱ्या प्रत्येकाला मी आयुष्यभर नाव-गाव विचारलं, पण छापील कागदाला ते कधी विचारलं नव्हतं. ते मला अक्कांनी शिकवलं.

पुढे वर्षभरानं हुबळीला त्या कापडवाल्यांच्या दुकानात गेलो. कुणी गिऱ्हाईक नेटवरचा कागद दाखवत होतं. दुकानदार कात्री बाजूला ठेवून विचारत होते, "हे लिहिलं कोणी? राहतो कुठं तो?"

तेवढ्यात आतून मुलीची हाक आली, "अप्पा, माझं इंजेक्शन झालं. चला जेवायला!"