आप्पांच्या चावीतला सेल

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि गोष्ट तरी केवढी — गाडीच्या चावीत असतो त्या चपट्या, नाण्याएवढ्या सेलची. ऐकाल तर म्हणाल, एवढंच? मीही स्वतःला कितीदा म्हणून पाहिलं, एवढंच तर होतं. मग तोंडातून निघत का नाही?

माझे वडील, आप्पा, ड्रायव्हर होते. कणकवलीकडचं गाव सोडून मुंबईत आले आणि उभा जन्म दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या. शेठ मागे, आप्पा पुढे. मुलुंडला मी फ्लॅट घेतला, मागोमाग गाडी घेतली, आणि दुसरी चावी त्यांच्या हातात ठेवली. चावी कसली, बटणांची डबीच ती. खिशात असली की गाडी उघडते, सुरू होते. आप्पांना त्याची केवढी मौज! सकाळी चहा घेऊन गॅलरीत उभे राहायचे, खाली पार्किंगकडे चावी रोखून बटण दाबायचे. गाडी दिवे मिचकावायची. "बघ, ओ देता," म्हणायचे, रोज, पहिल्यांदाच बघितल्यासारखे.

रविवारी आम्ही भांडुपला मासे आणायला जायचो. गाडी आप्पाच चालवणार, मी बाजूला, माझी मुलगी सई मागे. अशाच एका रविवारी परतताना त्यांनी लाल सिग्नल तोडला. तोडला कसला, त्यांना तो दिसलाच नाही. स्कूटरवरची एक बाई करकचून ब्रेक मारून थांबली, आणि आप्पा मला बांगड्याचं तिखलं कसं करायचं ते सांगतच राहिले. मी मागे वळून पाहिलं. सई खिडकीला नाक लावून बसली होती.

गाडी त्यांच्या हातून काढून घ्यायला हवी होती, हे खरं. पण कशी? "आप्पा, आता पुरे" — एवढं म्हणायला काय लागतं? त्यांनी दोन मालवणी शिव्या दिल्या असत्या, चार दिवस अबोला धरला असता. बस. पण मी भित्रा आहे. ऑफिसात भांडतो, रिक्षावाल्यांशी भांडतो, आप्पांपुढे मात्र माझी दातखीळ बसायची. त्यांचा चेहरा पडलेला मला बघायचा नव्हता. मला — मला. त्यांचं काय, हा प्रश्न तेव्हा मनातच आला नाही.

त्याच आठवड्यात माझ्या चावीतला सेल संपला. नवा आणला, चावीच्या खाचेत नाणं घालून ती उघडली, सेल बदलला. जुना हातात राहिला. टाकायलाच निघालो होतो... आप्पा आंघोळीला गेले होते. त्यांची चावी शोकेसवर होती. मी तीही उघडली. चांगला सेल काढून घेतला आणि हा मेलेला तिच्यात बसवला. बाथरूममधला पाण्याचा आवाज थांबायच्या आत चावी जागच्या जागी होती.

वाटलं होतं, चावी बिघडली म्हणेन, नवी मिळायला वेळ लागेल म्हणेन, तोवर सवय सुटेल. पण आप्पा ड्रायव्हर माणूस. दुसऱ्या सकाळी गॅलरीतून हाक आली, "अरे, गाडी ओ देणा नाय. सेल गेलो काय?" बरोबर दुखण्यावर बोट! मी घाबरलो. म्हणालो, "छे, सेल नवा आहे. कालच बदलला ना दोन्हींचा."

"मगे तू बघ," म्हणून त्यांनी चावी माझ्याकडे दिली. माझी स्वतःची चावी पँटच्या खिशात होती. एका हाताने मी त्यांची चावी गाडीवर रोखली आणि दुसऱ्या हाताने — खिशातली दाबली. खाली गाडीने दिवे मिचकावले.

"चालतेय की आप्पा. तुम्ही नीट दाबत नसाल."

हेच. हेच सांगायचं होतं. सेलचं नव्हे, या वाक्याचं. त्यांनी चावी परत घेतली, दाबली. काही नाही. अंगठा लेंग्याला पुसला, पुन्हा दाबली. मग ते अंगठ्याकडे बघत राहिले. तेव्हा सांगता आलं नसतं का? आलं असतं. मी चहा गार होईल म्हणालो आणि आत गेलो.

त्या दिवसापासून ते सईचा मऊ चेंडू घेऊन बसायला लागले. टीव्ही बघताना अंगठ्याने दाबत राहायचे. व्यायाम. रोज सकाळी गॅलरीत जायचे, चावी रोखायचे, आणि ती खिशात टाकून परत यायचे. मी पेपरात डोकं घालून बसायचो. रविवारी भांडुपला गाडी मीच चालवायला लागलो.

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांच्या पूजेत गाडीची चावी मांडतात. शेठच्या गाडीची चावीसुद्धा आप्पांनी झेंडूचं फूल वाहून पुजलेली मला आठवते. त्या दसऱ्याला पाटावर एकच चावी होती, माझी. त्यांची त्यांनी माझ्या हातात दिली. "आंगठ्यात जोर नाय रवलो रे. सईक घेवन खयतरी धडकतलंय." स्नेहा, माझी बायको, मला हळूच म्हणाली, "बरं झालं, स्वतःहून सोडली." मी मान हलवली. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही सांगून टाकतो.

त्यांच्या चावीत चांगला सेल परत घालून मी ती स्नेहाला दिली. ती खाली जाऊन बटण दाबायची, गाडी ओ द्यायची. आप्पा गॅलरीतून बघत असायचे.

मग हळूहळू त्यांनी सगळंच सोडलं. गॅस पेटवेनात. मोबाइल वाजला तर दुसऱ्याकडे द्यायचे. लिफ्टचं बटण सईला दाबायला सांगायचे. "बटणा माझा ऐकणत नाय," म्हणून हसायचे. आम्हीही हसायचो. सगळे म्हणाले, वय झालं.

शेवटी न्यूमोनियाने हॉस्पिटलात होते. एका दुपारी मी खाली जेवायला गेलो. काही लागलं तर दाबा, म्हणून सिस्टरने बेलचं बटण त्यांच्या हातात दिलं होतं. परत आलो तर आप्पा ओल्या चादरीवर पडून होते, तोंड भिंतीकडे. बटण मुठीत तसंच.

"आप्पा, दाबलं का नाही?"

"माका खय जमता रे," ते म्हणाले. लहान मुलासारखे शरमले होते.

खोलीत आम्ही दोघंच. सांगायला याहून चांगली वेळ कुठली होती? मी त्यांच्या मुठीतून बटण घेतलं आणि दाबलं. सिस्टर आली. मी म्हणालो, "असू दे आप्पा, मी आहे ना."

त्याच आठवड्यात ते गेले.

एक राहिलं. त्या दुपारी चादर बदलताना त्यांना कुशीवर वळवलं, तेव्हा पडायच्या भीतीने त्यांनी माझं मनगट धरलं. सोडवताना मला दुसऱ्या हाताने जोर लावावा लागला. संध्याकाळपर्यंत मनगटावर त्यांच्या अंगठ्याचा वळ होता.