पक्ष्यांचा रकाना

फेब्रुवारी लागला की ऑस्टबीच्या वाचनालयाच्या तळघरात टेबलं मांडली जातात, आणि गावातली म्हातारी माणसं आपापले कागद बुटांच्या खोक्यांत नाहीतर ब्रेडच्या रिकाम्या पिशव्यांत कोंबून, पायांवरचा बर्फ दारात झटकत खाली उतरतात. इन्कम टॅक्सचे फॉर्म तिथे फुकट भरून मिळतात. भरून देणारीही गावातलीच, रीतसर परीक्षा दिलेली. हीटरजवळचं टेबल आर्लिस टॉलेफसनचं. तिच्यापुढे नेहमी जास्त गर्दी असते. लोक सांगतात, हीटरमुळे.

आर्लिसची सगळी नोकरी शाळेच्या स्वयंपाकघरात गेली. नवरा डेल्मर वारला त्या हिवाळ्यात तिला घरात बसवेना, म्हणून तिने टॅक्सचा वर्ग लावला. पास झाल्याचं सर्वांत जास्त आश्चर्य तिलाच वाटलं. तळघरात येणाऱ्यांची मुलंबाळं तिच्या हातचं जेवून मोठी झालेली. पोरं गाजराला नको नको म्हणायची आणि ताट मात्र पुढेच धरायची, हे तिने इतकी वर्षं पाहिलं होतं की नकाराची तिला फारशी मातब्बरी उरली नव्हती.

राज्याच्या करासाठी वेगळा फॉर्म असतो, त्याच्या शेवटाकडे एक रकाना आहे. शेजारी पाणपक्ष्याचं चिमुकलं चित्र. राज्यातल्या रानातल्या जनावरांसाठी, तळ्यांवरच्या पक्ष्यांसाठी तुमच्या रिफंडातून काही द्यायचंय का, असं त्यात विचारलेलं असतं. आकडा घातला की तेवढे पैसे परस्पर तिकडे जातात. फॉर्म भरणारे बहुतेक जण हा रकाना ओलांडून पुढे जातात. आर्लिस जात नसे. तिचं घर तळ्याच्या काठावर. एप्रिलमध्ये बर्फ फुटून पहिला लून पक्षी पाण्यावर उतरतो आणि मान वर करून ओरडतो, तेव्हा ती हातातलं काम टाकून अंगणात जाऊन उभी राहते. त्या पक्ष्यांसाठी कोणापुढे हात पसरायला तिला लाज वाटत नसे.

आणि विचारायचं कसं हेही तिला ठाऊक होतं. आमच्याकडे पहिल्या विचारण्याला कोणी हो म्हणत नाही. कॉफी घेता का म्हटलं, तर आधी "नको, कशाला त्रास." पुन्हा म्हटलं, तर "केलेलीच असेल तर बघू." आणखी एकदा म्हटलं की कप पुढे येतो. पहिल्या झटक्यात हो म्हणणारा माणूस बाहेरगावचा समजावा. तेव्हा आर्लिस एकदा विचारायची, नको ऐकायची, पडद्याकडे बघत उगाच काहीतरी टाइप करायची, मग पुन्हा विचारायची.

"पक्ष्यांना काही?"

"नको गं बाई. त्यांचं आमच्यावाचून काय अडलंय?"

"बरं." टकटक. "थोडंसं?"

"गेल्या वर्षी माझ्या बोटीवर काय घाण केली त्यांनी, बघितलीस का?"

"बघितली ना." टकटक. "वरचे सुटे तेवढे टाकू? म्हणजे आकडा गोल होईल."

"टाक बाई, टाक. पण त्यांना सांग, बोट माझी आहे."

असं चालायचं. शेजारच्या टेबलावर लोवेल ब्रेके बसायचा. बँकेतून निवृत्त झालेला. प्रत्येक फॉर्म पाठवण्याआधी दुसऱ्यांदा नजरेखालून घालायचं काम त्याचं. "आर्लिस," तो म्हणायचा, "तू चर्चमध्ये दानाची थाळी फिरवायला हवी होतीस. छपराचं काम कधीच झालं असतं."

त्या वर्षी एका गुरुवारी ऑरिन हॉगसेथ आला. गावाबाहेरच्या रस्त्यावर एकटा राहणारा, बायको जाऊन दोन-तीन वर्षं झालेली. आयुष्यभर धान्याच्या कोठारावर काम केलेलं. चेहऱ्याची रेघ न हलवता विनोद करायचा आणि ऐकणाऱ्याला दुसऱ्या दिवशी हसू यायचं. तळघर त्या दिवशी गच्च भरलं होतं. ऑरिनच्या मागच्या खुर्च्यांवर चर्चमधली अर्धी मंडळी बसलेली.

राज्याचा रिफंड बरा निघाला. तीनशे डॉलरच्या वर.

"वा," आर्लिस म्हणाली. "पक्ष्यांना काही?"

"नको," ऑरिन म्हणाला.

टकटक. "थोडंसं, ऑरिन?"

"नको, यंदा राहू दे."

खरं तर 'यंदा' हा शब्द तिने तेव्हाच ऐकायला हवा होता. पण मागून कोणीतरी खोकलं, कोणीतरी खुर्ची सरकवली, आणि तिच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "अरे, वरचे सुटे तरी?"

ऑरिनने मागे एकदा पाहिलं. सगळे त्याच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते. मग तो तिच्याकडे वळला आणि सपाट आवाजात म्हणाला, "सुटे कशाला? सगळेच टाक."

आर्लिसला भरून आलं. तिने सगळेच टाकले. लोवेलने फॉर्म तपासताना चष्मा वर केला. "सगळे? नक्की, ऑरिन?"

"ती म्हणते आहे ना," ऑरिन म्हणाला आणि सही केली. टोपीचे कान खाली ओढले आणि जिना चढून गेला.

पुढच्या आठवड्यात किराणा दुकानात ऑरिनची मुलगी जोलीन भेटली. शाळेत असताना ती रोज दुसऱ्यांदा बटाटे मागून घ्यायची.

"मिसेस टॉलेफसन, एक विचारू का? बाबांचा रिफंड अजून कसा आला नाही?"

"का गं?"

"काल गेले होते तर घरात कोट घालून बसलेले. सगळ्या खोल्या बंद, नुसतं स्वयंपाकघर गरम. हीटरच्या गॅसची टाकी तळाला गेलीय. म्हणतात, रिफंडावर भरणार होतो, आता बघू. मी पैसे देते म्हटलं तर म्हणाले, तुझ्या पोरांच्या दातांचं बघ. बघू म्हणजे काय? केवढी थंडी आहे!"

आर्लिसच्या हातात अंड्यांचा ट्रे होता. तो तिने परत फळीवर ठेवून दिला. "मी बघते," एवढंच ती म्हणाली.

बघण्यासारखं काही नव्हतं. फॉर्म गेला होता, स्वीकारला गेला होता, आणि एकदा दिलेलं दान राज्य परत करत नाही. लोवेललाही तिने विचारलं. "मला तेव्हाच वाटलं, तो थट्टा करतोय," लोवेल म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"तू इतकी खूश दिसत होतीस."

त्या संध्याकाळी तिने खिमा परतला, त्यात मशरूमचं सूप ओतलं, वर बटाट्याचे तुकडे रचून हॉटडिश ओव्हनमध्ये लावली. कोणाच्या घरी मयत झालं, आजारपण आलं की आमच्याकडे हेच जातं. चूक झाली की काय न्यायचं, ते कोणी ठरवलेलं नाही. तिने तेच टॉवेलमध्ये गुंडाळलं आणि निघाली.

ऑरिनने कोट घालूनच दार उघडलं.

"कोण गेलं?" त्याने भांड्याकडे बघत विचारलं.

"कोणी नाही. जास्त झालं होतं."

"एकट्या बाईला एवढं जास्त?"

ती स्वयंपाकघरात बसली. तिने कोट काढला नाही, त्यानेही काढायला सांगितलं नाही. हवामानावर बोलणं झालं. जोलीनच्या गाडीवर झालं. मग आर्लिस म्हणाली, "ऑरिन, टाकी मी भरून देते."

"नको."

तिच्या जिभेवर पुढचं आलंच होतं. निम्मी तरी? ती थांबली. या माणसाच्या नकोमधलं काय ऐकायचं ते आपल्याला कळतं, असं ती मागच्या गुरुवारपर्यंत समजत होती. आता तिला काहीच कळत नव्हतं. तेव्हा तिने आमच्या गावात सहसा कोणी कोणाला विचारत नाही, ते विचारलं. सरळ, त्याच्या डोळ्यांत बघून.

"तुला ते पैसे पक्ष्यांना द्यायचे होते का? हो की नाही, तेवढंच सांग."

ऑरिन खिडकीकडे बघू लागला. कान लाल झाले. कोणी त्याला कपडे उतरवायला सांगितलं असतं तरी तो इतका अवघडला नसता.

"नाही," तो अखेर म्हणाला. मग जरा मोठ्याने, "नाही! मला लून आवडतसुद्धा नाहीत. रात्रभर बोंबलतात."

आर्लिसला आधी रडू येईल असं वाटलं, पण हसूच फुटलं. ऑरिनच्याही तोंडाची एक बाजू हलली.

"मग म्हणालास कशाला?"

"तू सोडेनास. म्हटलं, आता तरी गप्प बसशील."

"चुकलं माझं."

"फुकट काही घेणार नाही मी," तो म्हणाला. "तुझ्याकडून तर नाहीच."

आर्लिसने विचार केला. डेल्मर गेल्यापासून तिचा लाकडी धक्का तळ्याकाठी तुकड्यातुकड्यांत पडून होता. तळं गोठायच्या आधी काढून ठेवलेला धक्का दर वर्षी बर्फ वितळल्यावर पुन्हा पाण्यात उतरवायचा असतो, तो उतरवलाच गेला नव्हता. जावई येतो, बघतो, कंबर दुखते म्हणतो. हे तिने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगणं म्हणजे मागणंच.

"माझा धक्का पाण्यात उतरवायचाय," ती म्हणाली. "मला हवाय. या उन्हाळ्यात मला त्यावर बसायचंय. मजुरी आगाऊ देते."

"किती तुकडे?"

"सहा."

"चाकं आहेत?"

"एक मोडलंय."

मग त्याने कपाटातून दोन ताटल्या काढल्या. "चाक आधी बघावं लागेल," तो म्हणाला.

गॅसवाला सोमवारी टाकी भरून गेला. जोलीनने फोन करून सांगितलं, बाबा कोट काढून बसलेत.

त्यानंतर आर्लिसने टेबलावरची रीत बदलली. पक्ष्यांचं एकदाच विचारायचं, नको म्हटलं की पुढच्या रकान्यात जायचं. लोवेलच्या लगेच लक्षात आलं. "यंदा पक्षी उपाशी राहणार," तो म्हणाला. रकाने कोरे जात होते, आणि प्रत्येक कोरा रकाना तिला लागत होता.

मार्चच्या शेवटी हिल्मा स्टेन्सरुड आली. चर्चमधला ऑर्गन वाजवणारी, ताठ मानेची. "पक्ष्यांना काही?" "नको." आर्लिसने पान पुढे सरकवलं, सही घेतली, फॉर्म लोवेलकडे दिला. हिल्माने पर्स बंद केली, उघडली, पुन्हा बंद केली. जिन्यापर्यंत गेली आणि परत आली.

"तू विसरलीस," ती दबक्या आवाजात म्हणाली.

"काय?"

"पुन्हा विचारायचं."

"आता एकदाच विचारते मी, हिल्मा."

"हे कधीपासून?"

"झाले काही दिवस. तुला द्यायचे असतील तर तूच सांग."

हिल्माने आजूबाजूला पाहिलं. खुर्च्या भरलेल्या होत्या. तिच्या गळ्यापासून वर लाली चढत गेली. लोवेलने पेन खाली ठेवलं.

"मला," हिल्मा म्हणाली, आणि खाकरली. "मला वीस डॉलर द्यायचेत. पक्ष्यांना."

आर्लिसने लोवेलकडून फॉर्म मागून घेतला.