जात्याखालचं गिरणीचं पीठ

जुनं ते सोनं असं कुणी जाईबाईसमोर म्हणालं, तर ती त्याला आधी दोन हंडे पाणी भरून आण म्हणेल आणि मग बोलायला लावेल. हेदवीच्या अलीकडे रस्त्याच्या खालच्या अंगाला बौद्धवाडी आहे, तिथे तिचं घर. वय सत्तरीच्या आसपास. नक्की कुणी लिहून ठेवलेलं नाही. दारात नळ आला त्या दिवशी तिने उगाचच चारदा हात धुतले होते. गॅस आला तेव्हा पहिल्या सकाळी तिने तीनदा चहा केला, आणि घरात माणसं दोनच. सून आम्रपालीने गेल्या वर्षी कपडे धुवायची मशीन घेतली, तेव्हापासून जाईबाई त्या मशीनच्या काचेसमोर पाट टाकून बसते, ते कपडे फिरायचे थांबेपर्यंत. आई, ते आपोआप होतं, बघत बसायला लागत नाही, असं आम्रपालीने एकदा सांगून पाहिलं. आपोआप होतं म्हणून तर बघते, असं जाईबाई म्हणाली आणि पुन्हा काचेकडे वळली.

या कौतुकाला कारण होतं. ती लग्न होऊन आली तेव्हा वरच्या वाडीच्या विहिरीला खालच्या वाडीने हात लावायचा नसे. हंडे लांब मांडून ठेवायचे आणि वरची कुणी बाई येऊन ओतेल तोवर उन्हात बसायचं. तिची मर्जी असली तर हंडा भरायचा, नसली तर अर्धा. नळ कुणाची मर्जी बघत नाही, ही गोष्ट जाईबाईला इतक्या वर्षांनीही नवलाची वाटते. आणि चुलीचं म्हणाल तर तिच्या सासूचे डोळे धुराने गेले. पन्नाशीतच ती भिंत चाचपत चालायला लागली होती. चुलीपुढे बसून ती खोकायची तो खोकला जाईबाईच्या कानात अजून आहे.

आता अशा बाईलाच तिच्या मुलाने जुन्या काळाची जाहिरात करायला बसवलं, म्हणजे बघा.

मुलगा प्रमोद वीस वर्षं मुंबईत एका गोदामात कामाला. घरी यायचा तो शिमग्याला आणि मे महिन्यात. जाईबाईचा नवरा दत्ताराम, तोही जन्मभर मुंबईत राहिला आणि आजारी पडल्यावर घरी आला तो जेमतेम महिनाभर जगला. नवरा असा तुकड्यातुकड्यांनी मिळाला, आता मुलगाही तसाच, हे तिच्या मनाला फार लागायचं. त्यामुळे या दिवाळीत प्रमोद लांब रजा काढून आला आणि म्हणाला की मागच्या दोन खोल्या पर्यटकांना देऊ, होमस्टे चालला तर मी मुंबईला परत जाणार नाही, तेव्हा जाईबाईच्या पायाला भिंगरी लागली. ओट्यावर बसली की आत जावंसं वाटे, आत गेली की परसात. जेवताना मध्येच उठून ती खोल्यांच्या खिडक्या पुसून यायची. आम्रपालीने नवीन चादरी आणल्या आणि त्या धुऊन, इस्त्री करून कपाटात ठेवल्या. नवरा घरी राहावा असं तिलाही वाटत होतंच की.

प्रमोद होमस्टेची चार ठिकाणं बघून आला होता. पर्यटकांना जुनं लागतं, हे त्याने डोक्यात पक्कं केलं होतं. त्याने गोठ्यामागे पडलेलं जातं उकरून काढलं, धुतलं आणि पडवीत मांडलं. पितळेची भांडी आणली. टाइल्सच्या फरशीवर शेणाने सारवायचंही त्याच्या मनात होतं. आम्रपालीने एकदा त्याच्याकडे नुसतं बघितलं, तेव्हा ते राहिलं. आईने जात्यावर बसायचं, चार ओव्या म्हणायच्या आणि जुन्या दिवसांबद्दल दोन शब्द बोलायचे, एवढं ठरलं.

पण जातं बोथट झालेलं. छिन्नीने टाकी लावून जात्याला धार देणारे गावात यायचे बंद झाले त्याला किती वर्षं झाली कोण जाणे. घास टाकला की तांदूळ नुसता चेंगरायचा. जाईबाईने दोन दिवस ते फिरवून बघितलं, दंड भरून आले, पीठ मात्र पडेना. तिसऱ्या दिवशी तिने डब्यातलं गिरणीचं पीठ मुठीमुठीने जात्याभोवती पसरून ठेवलं. ही युक्ती तिची एकटीची. प्रमोदला तिने सांगितलं नाही, कारण मुलगा घरी राहणार की नाही हे त्या पिठावर ठरणार होतं, असं तिला वाटत होतं.

नाताळच्या सुट्टीत पुण्याचे पाहुणे आले. भली माणसं होती. जात्यावर बसलं की ओवी सुचते म्हणतात, पण जाईबाईला एकही धड सुचेना. मग तिने कुठल्यातरी दोन ओळी तिसरीला जोडल्या आणि वेळ मारून नेली. पाहुण्यांतल्या मृणाली नावाच्या मुलीने पीठ हातात घेऊन हुंगलं आणि म्हणाली, याला वेगळाच वास आहे. मग तिने विचारलं, आजी, तेव्हा विहिरीचं पाणी किती गोड असेल ना?

जाईबाईने प्रमोदकडे बघितलं. तो दाराला टेकून आशेने उभा होता.

"व्हतं तर," ती म्हणाली. "गोड व्हतं. आनी चुलीच्या भाकरीची चव गॅसला कुठली येतेय?"

बोलली खरी, पण जिभेला चटका बसल्यागत झालं. ती उठून परसात गेली आणि नळ सोडून घटाघटा पाणी प्यायली.

पाहुण्यांनी फोटो काढले आणि ते चारचौघांत दाखवले असावेत, कारण पुढच्या शनिवार-रविवारची विचारणा लगेच सुरू झाली. प्रमोदने मुंबईला फोन करून काम सोडलं. त्या संध्याकाळी जाईबाईने त्याला आवडतात म्हणून घावणे केले, त्याच्या ताटाशी बसली, आणि किती दिवसांनी तिचे पाय एका जागी ठरले. ते सुख एक रात्रभर टिकलं.

सकाळी उठून बघते तर गॅस जागेवर नाही. प्रमोदने सिलिंडर मागच्या खोपीत नेऊन पोत्यांखाली झाकला होता आणि मिक्सर कपाटात कोंबला होता. रस्त्यावर पाटी लागली, चुलीवरचं जेवण. आता रोजचंच चुलीवर करू म्हणजे हात बसेल, असं त्याचं म्हणणं. हात कुणाचा, हे त्याने सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. आम्रपाली अंगणवाडीत सेविका आहे, तिला दहाच्या आत पोचावं लागतं. ती अंधारात उठायला लागली. दवाने भिजलेली लाकडं पेटता पेटत नसत. फुंकणीने फुंकून फुंकून तिचे डोळे लाल होत, आणि ते तसेच घेऊन ती कामाला जाई. एका पोराच्या आईने तिला विचारलं, बाई, घरी काही झालं का? ती नाही म्हणाली.

जाईबाईचा जीव पुन्हा थाऱ्यावरून उडाला. घास गिळेना. आम्रपाली स्वयंपाकघरात खोकली की ही पडवीत दचके, कारण तो खोकला तिच्या ओळखीचा होता. तिने चूल पेटवायला घेतली तर आम्रपाली उठवायची, आई, तुमच्याच्याने नाही व्हायचं. शेवटी एका दुपारी तिने प्रमोदला सांगितलं की हे बंद कर. तो साधेपणाने म्हणाला, आये, तूच सांगितलंस ना, चुलीच्या भाकरीला चव असते म्हणून.

मुलाचं काही चुकलं नव्हतं. जन्मात एकदा त्याने आईचं म्हणणं तंतोतंत ऐकलं होतं, आणि नेमकं तेव्हाच आई खोटं बोलली होती.

शनिवारी पुण्याचे दुसरे पाहुणे यायचे होते. सकाळीच प्रमोदने जात्याजवळ पाट मांडला आणि आईला हाक मारली. ती आली, पण पाटावर बसेना. आज तू बस, म्हणाली. तो हसला. पुरुषाने जात्याला हात लावायची रीत कुठल्याच वाडीत नव्हती. पण आईच्या तोंडाकडे बघून तो बसला, खुंटा धरला आणि फिरवू लागला. आत आम्रपाली चूल फुंकत होती, धूर पडवीपर्यंत येत होता. जाईबाई त्याच्या घासाला तांदूळ टाकत राहिली. हळूहळू त्याचं हसू गेलं, मग सदरा भिजला, मग त्याने हात बदलला. जात्याखाली नुसती कणी.

"आये, पीठ पडत नाय," तो म्हणाला.

"नायच पडत. त्या दिसाचं पीठ गिरणीचं व्हतं. मीच पसरलेलं." ती खाली बसली. "आनी पानीपन गोड नव्हतं. तासतासभर उन्हात बसून भीक मागितल्यागत मिळायचं. चुलीनं तुझ्या आजीचं डोळं खाल्लं. मी खोटं बोलले, तू रव्हावास म्हनून."

प्रमोदने चिमूटभर कणी बोटांत चोळून बघितली. मग तो चिडून नाही, पण थकून म्हणाला, "चूल काढली तर गिऱ्हाईक येनार नाय, आये. मग मला मुंबईला परत जायला लागंल. चालंल तुला?"

आत फुंकणीचा आवाज थांबला. आम्रपाली दारात येऊन उभी राहिली. ती नवऱ्याकडे बघत नव्हती, सासूकडे बघत होती.

या एका प्रश्नाला घाबरून जाईबाईने आजवर सगळं केलं होतं. पण उत्तर द्यायला तिला वेळ लागला नाही.

"चालंल. तुझा बाप लांब रव्हला तसा तूपन रव. ही धुरानं आंधळी झाली, तर तू घरात असूनसुदिक हिला दिसनार हायस काय?"

प्रमोद उठला. खोपीत जाऊन त्याने पोती बाजूला केली आणि सिलिंडर अंगणातून गडगडवत आणला. उंबऱ्याशी आम्रपालीने दुसऱ्या बाजूने हात लावला. जाईबाईने चुलीतली लाकडं ओढून त्यांवर तांब्याभर पाणी ओतलं. लाकडं चरचरत होती तोच रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला, आणि त्या पाहुण्यांना आता काय सांगायचं हे तिघांनाही ठाऊक नव्हतं.